कमला सोहोनी : बंद दार आणि वर्णपटातील काळी रेघ

१/ कमला सोहोनी यांचे नाव निघाले की एकच प्रसंग सांगितला जातो. साल १९३३, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन, आणि केवळ स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश. प्रसंग खरा आहे. परंतु सारी चर्चा तेथेच थांबते आणि बाईंचे संशोधन अंधारात राहते. आजचा धागा त्या संशोधनाविषयी.

२/ कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या याच संस्थेत शिकलेले. थोरल्या भगिनी म्हणजे दुर्गाबाई भागवत. ज्या संस्थेत वडील शिकले, तिचेच दार मुलीसाठी बंद होते.

३/ कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले.

४/ त्यानंतर केंब्रिज. तेथील काम समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. १९२५ मध्ये डेव्हिड केलिन यांनी कीटकांचे स्नायू आणि यीस्ट वर्णपटदर्शकातून न्याहाळले. इंद्रधनुषी पट्ट्यात त्यांना काळ्या रेघा दिसल्या. हवा मिसळली की त्या पुसट होत, प्राणवायू संपला की पुन्हा उमटत. पेशी श्वास घेत असल्याची ती खूण होती. त्या लोहयुक्त द्रव्याला त्यांनी ‘सायटोक्रोम’ म्हटले.

५/ वनस्पतींच्या श्वसनातही हीच यंत्रणा असते काय? पाहणे सोपे नव्हते. हिरव्या पानातील हरितद्रव्य स्वतःच इतका प्रकाश शोषते की सायटोक्रोमच्या नाजूक रेघा त्यात हरवून जातात. म्हणून हिरवा नसलेला भाग उपयोगी. तो म्हणजे आपला नेहमीचा बटाटा!

६/ रॉबिन हिल यांच्यासह काम करताना कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडले. क्षपित अवस्थेत त्याची ठळक रेघ वर्णपटाच्या हिरव्या भागात, सुमारे ५५० नॅनोमीटरवर उमटते. प्राणी, यीस्ट आणि वनस्पती यांच्या श्वसनात एक समान दुवा आहे, हे त्यातून पुढे आले.

७/ १९३९ मध्ये हिल व भागवत यांचे सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील टिपण ‘नेचर’मध्ये आले. त्याच वर्षी कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा ४० पानांचा! याच विषयावरील दोघांचा सविस्तर निबंध ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये प्रसिद्ध व्हायला १९५१ साल उजाडले. मध्ये महायुद्ध होऊन गेले होते, आणि कमलाबाई कधीच भारतात परतल्या होत्या.

८/ येथे इतिहासाचा एक उपरोध लक्षात घ्यावा. रामन यांना १९३०चे नोबेल मिळाले ते प्रकाशाच्या प्रकीर्णनावरील कार्यासाठी, म्हणजे मुळात वर्णपटाच्याच अभ्यासासाठी. त्यांनी जिला नाकारले, तिनेही आपला शोध वर्णपटातच लावला.

९/ पुढे दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. येथे नीरेचे पोषणमूल्य आणि कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधके हे विषय त्यांनी हाताळले. केंब्रिजची कीर्ती देणारा विषय सोडून त्या गरिबाच्या ताटाकडे वळल्या. कोणी याला पीछेहाट म्हणेल. मला ती निवड वाटते, कारण बंगळूरला त्यांनी सुरुवातच दूध आणि कडधान्यांपासून केली होती.

१०/ सायटोक्रोम सीचा प्रवासही थांबला नाही. १९६७ मध्ये फिच व मार्गोलियाश यांनी निरनिराळ्या सजीवांतील त्याची रचना ताडून उत्क्रांतीचा वृक्ष मांडला. आज घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम सी (वस्तुमान सुमारे १२,३६० डाल्टन) वस्तुमान वर्णपटमापकाची चाचणी घेण्यासाठी जगभर वापरले जाते. डोळ्याने पाहिलेली रेघ आता यंत्राच्या तराजूत तोलली जाते.

११/ कमलाबाई १९९८ मध्ये निवर्तल्या. अन्यायाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पण केवळ तीच सांगितली, तर त्या कथेचे नायकत्व पुन्हा दार बंद करणाऱ्याकडेच जाते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे खटकते. पुढच्या वेळी कोणी तो प्रसंग सांगेल, तेव्हा आपण बटाट्याचीही आठवण करून द्यावी. (समाप्त)