स्टॉक कार शर्यतीच्या जुन्या अमेरिकन मोटारी

कारखान्यातून विक्रीसाठी निघालेली घरगुती मोटार घेऊन, तिच्यात फेरफार करून खेळली जाणारी शर्यत म्हणजे स्टॉक कार शर्यत. हा खेळ अमेरिकेच्या दक्षिण भागात दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रुजला. चोरटी दारू वाहणाऱ्या चालकांनी त्याचा पाया घातला असे सांगतात. त्यांचा वाटा किती, याबाबत मतभेद आहेत. शर्यतींचे आयोजक बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथे बैठक भरली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ‘नॅसकार’ ही संस्था नोंदली गेली.

फेरफार : गॅरेजवाल्यांची आवडती मोटार म्हणजे १९३९-४० ची फोर्ड कूप. फोर्डने १९३२ पासून स्वस्त मोटारीत व्ही-८ इंजिन दिले होते. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवायचा, हेड घासून दाब वाढवायचा, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन-तीन बसवायचे. मडगार्ड उतरत, मागची गादी निघे, दारे पक्की बांधली जात. इंजिनाची चर्चा नेहमीच फार होते. पण सुरुवातीचे निकाल नीट पाहिले तर पाटे (स्प्रिंग), टायर आणि चासी यांचे पारडे जड दिसते.

१९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकारची मूळ स्वरूपातील मोटारींची पहिली शर्यत मातीच्या मार्गावर झाली. ग्लेन डनवे यांची १९४७ ची फोर्ड पहिली आली. तपासणीत तिचे मागचे पाटे फेरफार करून ताठ केल्याचे आढळले. दारूच्या ओझ्याने गाडी बसू नये म्हणून हीच युक्ती वापरली जाई. डनवे बाद झाले आणि लिंकन चालवणारे जिम रोपर विजेते ठरले. डनवे यांच्या मोटारीचे मालक न्यायालयात गेले व हरले. नियम लावण्याचा संस्थेचा अधिकार त्यामुळे पक्का झाला, म्हणून हा निकाल कोणत्याही विक्रमाहून मोलाचा आहे.

पुढच्या वर्षी डार्लिंग्टनच्या डांबरी मार्गावर ५०० मैलांची (सुमारे ८०५ किमी) शर्यत झाली. ७५ मोटारी उतरल्या. दणकट इंजिनांच्या जड गाड्यांचे टायर एकामागून एक फुटत गेले. जॉनी मँट्झ यांची सहा सिलिंडरची साधी प्लिमथ ताशी सुमारे १२० किमीच्या सरासरीने चालत राहिली आणि जिंकली. तिचे टायर टणक होते. ते ट्रकचे होते की शर्यतीसाठीचेच, हे निरनिराळे सांगितले जाते.

पाटे आणि टायर यांच्यानंतर तिसरे उदाहरण चासीचे : हडसन हॉर्नेट (१९५१-५४). सुमारे पाच लिटरचे, सहा सिलिंडरचे जुन्या धाटणीचे इंजिन. पण तळ चासीच्या पट्ट्यांमध्ये खाली उतरवलेला, त्यामुळे वळणावर गाडी घट्ट बसे. १९५२ च्या ३४ शर्यतींपैकी २७ हडसनने जिंकल्या.

चालक : रेड बायरन मूळ स्वरूपातील मोटारींच्या शर्यतींचे पहिले वार्षिक विजेते (१९४९). कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट यांनी १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे मिळवलेला विजय आधी दुसऱ्याच्या नावे जाहीर झाला, मागाहून तो त्यांच्या नावे झाला.

महाराष्ट्र : या मोटारी इथे परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जुळवल्या जाऊ लागल्या. मँट्झ यांनी जिंकून दाखवलेल्या प्लिमथच्या बहिणी मुंबईत टॅक्सी म्हणून धावल्या, त्यांपैकी अनेकींत पुढे डिझेल इंजिने बसली. शर्यती मात्र जुहूच्या व मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्ट्यांवर होत. त्यांत पुढे फियाट आणि अँबॅसडर आल्या.

सातारा-सांगली : या भागात स्टॉक कार शर्यतीसाठी मार्ग नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर अशी शर्यत लावता येत नाही.

कायदा : कराडहून कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरणारा रस्ता असो वा दुसरा कोणताही सार्वजनिक रस्ता, राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून तेथे शर्यत लावणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदलही मोटारीत करता येत नाहीत. कुर्ल्यात जुळलेली एखादी डॉज वा प्लिमथ ज्यांच्या घरी उरली असेल, त्यांनी ती मूळ इंजिनासह जपावी.