काचेचे दप्तर

म्हैसूरच्या राजवाड्यात कल्याणमंडप नावाचे एक अष्टकोनी दालन आहे. राजघराण्यातील मंगलकार्यांसाठी ते बांधले गेले. आत पाऊल टाकणारा माणूस भिंतींकडे नंतर पाहतो. आधी त्याची मान आपोआप वर जाते. ओतीव लोखंडाच्या खांबांवर आणि कमानींवर रंगीत काचेचे छत तोललेले आहे आणि त्या काचेत मोर आहेत. भौमितिक चौकटींत नीट बसवलेले, पिसारे पसरलेले, निळ्या-हिरव्या रंगांचे मोर. खाली पाहावे तर फरशीच्या नक्षीतही मोरच. ऊन चढले की वरच्या मोरांचा रंग खालच्या मोरांवर सांडतो, आणि पायांतल्या चपला दाराशी काढून आलेल्या यात्रेकरूंच्या खांद्यांवरून सरकत जातो.

हे छत एका आगीच्या पोटी जन्मले. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसोहळ्याच्या वेळी म्हैसूरचा जुना लाकडी वाडा जळाला. राजे कृष्णराज वडियार (चौथे) तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार राजमाता वाणीविलास सन्निधान पाहत होत्या. त्यांनी त्याच वर्षी नव्या वाड्याचे काम हेन्री आयर्विन या वास्तुतज्ज्ञाकडे सोपवले. १९१२ मध्ये तो पुरा झाला. खर्च आला ४१,४७,९१३ रुपये. लग्नघरातच आग पाहिलेल्या घराण्याने पुढच्या लग्नमंडपासाठी लाकूड सोडून लोखंड आणि काच निवडावी, यात नवल नाही.

खर्चाचा हा आकडा शेवटच्या रुपयापर्यंत आपल्याला ठाऊक आहे. वास्तुतज्ज्ञाचे नाव ठाऊक आहे. मोरांच्या छताविषयी असे सांगितले जाते, की त्याची आकृती म्हैसूरच्या कलावंतांनी रचली आणि ते घडले स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे, वॉल्टर मॅकफर्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीत. या वाक्यातील व्याकरण जरा तपासून पाहावे. त्यात विशेषनाम एकच आहे, आणि ते लोखंडवाल्याचे. मोर रेखाटणारे ‘कलावंत’ या सामान्यनामात विरून गेले आणि काच कापणाऱ्यांना तर वाक्यात जागाच मिळाली नाही.

याचे कारण मॅकफर्लेन यांचा मोठेपणा एवढेच नाही. त्यांच्या कारखान्याने जाडजूड सचित्र सूचीपुस्तके छापली. खांब, कठडे, कारंजी, बँडस्टँड, प्रत्येक नमुन्याला आकडा होता. जगाच्या कोणत्याही टोकाला बसून आकडा कळवावा आणि माल मागवावा. कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण सूचीपुस्तके राहिली. ओतकामावर नाव उमटवता येते. काचेवर नाव घालायचे तर प्रकाश अडतो, म्हणून ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत घालतात. पुष्कळदा घालतच नाहीत. काचेच्या कारागिराचे नाव टिकायचे असेल तर ते कागदावरच टिकू शकते, आणि तो कागद जपणारे कोणीतरी घरचे माणूस असावे लागते.

अशा कारखान्यात कोणता कागद निर्माण होतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम एक लहानसे रंगीत टिपण तयार होते आणि ते गिऱ्हाइकाला पाठवले जाते. ते पसंत पडले की खिडकीच्या पूर्ण मापाचे रेखाटन जाड कागदावर काढतात. त्यावरून शिशाच्या पट्ट्यांच्या रेघा तेवढ्या उतरवून घेतात आणि त्या रेघांबरहुकूम काच कापतात. मग चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, पानांच्या शिरा रंगवून भट्टीत भाजायच्या. पिवळ्या रंगासाठी काचेच्या पाठीला चांदीचे संयुग लावतात आणि भट्टीत ते काचेत मुरते. तांबडी काच मात्र रंग मुरवून होत नाही. सबंध जाडीभर तांबडी केली तर ती काळी दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर तांबड्याचा पातळ पापुद्रा चढवतात. शेवटी शिशाच्या पट्ट्यांत सारे तुकडे गुंफून सांधे झाळायचे. मोठ्या कारखान्यांत रेखणारा, कापणारा, रंगवणारा, गुंफणारा असे हात वेगळे असत. खिडकी निघून जाई. मागे उरे ते रेखाटन, मागणीवही, रोजकीर्द, पत्रव्यवहार, आणि कोणती काच किती खपली याचा हिशेब. हेच त्या घराण्याचे दप्तर.

लंडनच्या जेम्स पॉवेल अँड सन्स या घराण्याचे असे दप्तर राहिले आहे. जेम्स पॉवेल हा दारूचा व्यापारी. त्याने १८३४ मध्ये व्हाइटफ्रायर्स येथील जुना काचकारखाना विकत घेतला. त्याच्या मुलांनी खिडक्यांच्या कामाला हात घातला. चार्ल्स विन्स्टन नावाच्या, पेशाने वकील पण मनाने काचवेड्या गृहस्थाने मध्ययुगीन काचेची रासायनिक तपासणी करविली आणि तिच्या आधारे पॉवेल मंडळींनी जुन्या धर्तीची, किंचित खडबडीत, प्रकाशाला आतल्या आत खेळवणारी काच पुन्हा तयार केली. पुढे नावारूपाला आलेला चित्रकार बर्न-जोन्स याने काचेसाठी पहिली रेखाटने केली ती याच घराण्याकरिता. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पण वह्या फेकल्या गेल्या नाहीत. त्यांचा मोठा भाग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या कलाअभिलेखागारात आणि लंडनच्या नगरसंग्रहालयात आहे. एखाद्या खेड्यातील चर्चची खिडकी कोणी रेखली, हे आज त्या वह्या उघडून सांगता येते.

बर्मिंगहॅमच्या हार्डमन घराण्याची कथा याहून चटका लावणारी आहे. हे मूळचे गुंड्या करणारे लोक. १८४५ च्या सुमारास वास्तुतज्ज्ञ प्यूजिन याच्या आग्रहावरून जॉन हार्डमन काचेकडे वळला. १८५२ मध्ये प्यूजिन गेल्यावर रेखाटनाची जबाबदारी हार्डमनच्या भाच्याने उचलली. तो प्यूजिनचा जावईही होता. लंडनच्या संसदभवनाच्या काचा या घराण्याच्या. (याच संसदभवनाच्या भित्तिचित्रांसाठी मागवलेल्या मोठ्या रेखाटनांची ‘पंच’ या नियतकालिकाने १८४३ मध्ये टर उडवली आणि तेव्हापासून ‘कार्टून’ हा रेखाटनाचा शब्द व्यंगचित्राला चिकटला. काचकारखान्यात मात्र तो अजून जुन्या, गंभीर अर्थानेच वापरतात.) १९७० मध्ये हार्डमन यांच्या जागेला आग लागली. त्यातून जे वाचले ते बर्मिंगहॅमच्या अभिलेखागारात आणि संग्रहालयात गेले. म्हैसूरला आगीने काच दिली, बर्मिंगहॅमला आग काचेच्या स्मृतीवर उठली.

हा सारा खटाटोप केवळ हौशी इतिहासकारांसाठी आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. मुंबईत कुलाब्याला, अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले आणि १८५८ मध्ये अभिषिक्त झालेले सेंट जॉनचे चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. त्याच्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याच्या. हा वेल्स आधी किराणा आणि चहा विकत असे. हार्डमनच्या आधी प्यूजिनचे काचकाम तोच करी. समुद्राचा खारा वारा, पावसाळ्याचा मार, थकलेले शिसे यांनी अशा खिडक्या फुगतात, वाकतात, एखादा तुकडा गळून पडतो. त्या जागी काय बसवायचे? तांबडे, पण कोणते तांबडे? चेहरा असेल तर कोणाचा चेहरा? मूळ रेखाटन हाताशी असेल तर उत्तर मिळते. नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला शेजारच्या तुकड्यांवरून तर्क करावा लागतो. १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई मनोरा आणि त्याच्या पायथ्याचे विद्यापीठ ग्रंथालय यांची रचना जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने भारतात कधीही न येता, कागदावर केली. तेथल्या रंगीत काचांच्या जतनाचे काम स्वाती चांदगडकर यांच्यासारख्या मुंबईकर तज्ज्ञांनी आपल्या काळात केले. रेखणारा समुद्रापार, घडवणारा समुद्रापार, आणि तुकडा गळतो तो येथे.

कागद राखण्याच्या बाबतीत मराठी माणसाने परक्यांचे कौतुक करावे, हे थोडे विचित्रच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी दारोदार हिंडून दप्तरे गोळा केली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि ती माला बावीस खंडांपर्यंत नेली. म्हैसूरचा वाडा जळाला त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसायांनी सिद्ध केले. पण आपण माळे धुंडाळले ते सरदारांचे, देशमुखांचे, वकिलांचे. राज्याचे अठरा कारखाने आपण पाठ म्हणून दाखवतो. त्या कारखान्यांत हात चालवणाऱ्या घरांच्या माळ्यावर काय होते, हे विचारायला फार थोडे गेले. तांबट, कासार, चितारी यांच्याकडे नमुन्यांच्या चोपड्या होत्या, खाके होते, उधारीच्या वह्या होत्या. जीर्ण झाल्यावर त्या नदीत सोडल्या गेल्या किंवा बंबात गेल्या. त्यांना इतिहास म्हणावे असे त्या घरांनाही वाटले नाही, आणि आपण तसे त्यांना सांगितलेही नाही.

म्हैसूरच्याच जगन्मोहन राजवाड्यात राजा रविवर्मा यांची, आयुष्याच्या अखेरीस म्हैसूर दरबारासाठी रंगवलेली चित्रे आहेत. चित्रकार राजाश्रयाचा असल्यामुळे चित्रे राखली गेली. त्यांचा छापखाना मात्र आपल्या अंगणात होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. महाराष्ट्रातल्या घराघरांत लक्ष्मी आणि सरस्वती पोचल्या त्या त्या शिळांवरून. १९७२ च्या आगीत तेथले बरेच काही नष्ट झाले. छापलेली लक्ष्मी अजून देव्हाऱ्यात आहे. शिळेवर तिचे डोळे उलटे रेखाटणाऱ्याचे नाव कोणत्या देव्हाऱ्यात शोधायचे?

पुन्हा कल्याणमंडपात येऊ. जुनी खिडकी किंवा छत दुरुस्तीसाठी उतरवले, की जाणकार दुरुस्तीकार पहिले काम करतात ते कागदाचे. तक्त्यावर काच आडवी ठेवायची, वर पातळ कागद पसरायचा आणि मेणाच्या काळ्या वडीने हलके घासायचे. शिशाच्या रेघा कागदावर उमटतात. मग प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा आणि कोणता मूळचा, कोणता मागच्या दुरुस्तीचा, याची नोंद करायची. हरवलेल्या रेखाटनाच्या जागी असे एक नवे रेखाटन तयार होते. आणि कधी कधी, पट्ट्या सोडवताना, शिशावर खिळ्याने ओरखडलेले एखादे नाव सापडते: गुंफणाऱ्याचे नाव, एखादे साल, क्वचित हवामानाची तक्रार. पट्टी जागच्या जागी असेपर्यंत ते कोणाला दिसत नाही. मोरांच्या त्या छताखाली उभे राहून, मान दुखेपर्यंत, मी त्या काळ्या रेघांकडेच पाहत राहिलो. बरोबरच्या मंडळींना वाटले, मोर फार आवडले असावेत.