गोट्याची जखम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या सावरगावची माणसं जाम नदीच्या मधोमध पळस रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. मग पलीकडून पांढुर्णा गाव, अलीकडून आम्ही, दिवसभर एकमेकांवर दगडांचा मारा: हीच गोटमार. पांढुर्ण्यानं झेंडा तोडला की ते जिंकले. शेवटी दोघं मिळून तो चंडीमातेच्या देवळात नेतात.

पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन चालला होता, नदीत दोघांवर दगड पडले, असं घरोघर सांगतात. भोसल्यांचे शिपाई इथं दगडफेकीचा सराव करायचे, अशीही एक कथा आहे. मला ही दुसरी जास्त पटते. पण तिच्यात प्रेम नाही, म्हणून ती कुणी रंगवत नाही.

मी जन्मभर जखमा धुतल्या. गोट्यानं फुटलेलं डोकं पाहून नवा माणूस फसतो: चाकूनं चिरल्यासारखी सरळ रेघ! खाली लगेच कवटी असते, म्हणून चामडी गोटा आणि हाड या दोहोंत चेपून फाटते. रेघ उघडून पाहिली की आत तंतूंचे पूल शाबूत दिसतात. चाकू ते ठेवत नाही.

गोळीची जखम वेगळी. ती समजावी म्हणून अमेरिकेचा लष्करी सर्जन मार्टिन फॅकलर १९८०च्या दशकात १० टक्के जिलेटिनच्या, ४ अंशांवर थंड केलेल्या ठोकळ्यात गोळ्या झाडत असे. ठोकळा बरोबर जमला का, हे साडेचार मिलिमीटरच्या पोलादी छऱ्यानं तपासतात. सेकंदाला १८० मीटर वेगानं तो साधारण साडेआठ सेंटिमीटर आत जायला हवा. त्या छऱ्यात ऊर्जा जेमतेम ६ ज्यूल. सेकंदाला २० मीटरनं आलेल्या पाव किलोच्या गोट्यात ५० ज्यूल, तरी तो आत घुसत नाही, ठेचतो. नुसत्या जिलेटिनला कवटी नसते, तेव्हा आमचा मार त्याला काय कळणार?

गोफणीला बंदी आहे. तिनं गोट्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. १९५५पासून दहाच्या वर माणसं गेली, असं वर्तमानपत्रं दर पोळ्याला छापतात. जमावबंदी लागते, रुग्णवाहिका उभ्या राहतात. प्रशासनानं एकदा रबरी चेंडूही आणून दिले होते. लोकांनी ते बाजूला सारले आणि गोटे उचलले.