कॅटन
वसाहत व व्यापार यांवर आधारलेला जर्मन बैठा खेळ. क्लाउस टॉयबर (१९५२–२०२३) या दंततंत्रज्ञाने व्हायकिंगांच्या आइसलँडमधील वसाहतीवरून त्याची कल्पना घेतली. श्टुटगार्टच्या कॉसमॉस या प्रकाशनसंस्थेने तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जर्मनीतील ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ’ हा पुरस्कार त्यास मिळाला.

१९ षट्कोणी तुकड्यांचे बेट दर डावास नव्याने मांडता येते. वाळवंट वगळता प्रत्येक तुकड्यातून विटा, लाकूड, लोकर, धान्य वा धातुक मिळते. कोणत्या तुकड्याचे उत्पन्न मिळावयाचे, हे दोन फाशांच्या बेरजेवरून ठरते. ३६ शक्यतांपैकी सातची बेरीज सहा वेळा, म्हणजे सर्वाधिक येते. परंतु तीवर उत्पन्न नाही. उलट दरोडेखोर हलतो आणि सातांहून अधिक पत्ते बाळगणाऱ्यास निम्मे गमवावे लागतात. साठेबाजी अशी महाग पडते. पेढी चार पत्त्यांच्या मोबदल्यात एकच देते, म्हणून खेळाडू आपसांतच सौदे करतात. खेळाचे खरे मर्म या घासाघिशीत आहे. दहा गुण प्रथम मिळविणारा जिंकतो. तोवर कोणीही बाद होत नाही. मोनॉपलीहून त्याचा मोठा भेद हाच. बेट मात्र निर्मनुष्य गृहीत धरले आहे. वसाहतींच्या इतिहासात असे प्रदेश विरळाच. आइसलँड बहुतांशी तसा होता.