उदाहरणें सोडविण्याची विद्या : लीलावतीपासून संगणकापर्यंत

सांगोल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील तरुण पदवी घेऊन पुण्यास नोकरीच्या शोधार्थ जातो, तेव्हां संगणकाच्या धंद्यांतील कंपन्या केवळ त्याच्या पदवीवर विसंबत नाहींत. त्यास एक उदाहरण घालतात, घटकाभराचा अवधि देतात, आणि तें सोडवितांना मनांत काय विचार चालला आहे तोही बोलून दाखवावयास सांगतात. उदाहरण सुटलें तर घरास आधार मिळतो. न सुटलें तर डाळिंबाच्या बागेवर काढलेलें कर्ज तसेंच मागें ठेवून तरुणास परतीची गाडी धरावी लागते. त्या भयानें पुष्कळ नवशिके शेंकडों उदाहरणें उत्तरांसह पाठ करूं लागतात. परंतु परीक्षकानें एक अट बदलली, कीं पाठांतर निरुपयोगी होतें. मग आरंभ कोठून करावा? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्या गणितपरंपरेंत फार पूर्वींच दिलेलें आहे.

भास्कराचार्यांनीं शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं सिद्धांतशिरोमणि रचिला. त्याचा पहिला भाग जो लीलावती, त्यांतील विषयांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं मापांच्या परिभाषा, मग बेरीज-वजाबाकीपासून घनमूळापर्यंतचीं आठ परिकर्में, नंतर अपूर्णांक व शून्य. त्यापुढें व्यस्तविधि, इष्टकर्म व त्रैराशिक. आणि कुट्टक व अंकपाश हे कठीण विषय अगदीं शेवटीं. व्यस्तविधि म्हणजे उत्तरापासून मागें मागें येत मूळ संख्या काढणें, आणि इष्टकर्म म्हणजे एखादी संख्या मनानें धरून ती ताडून पाहणें. रीत आधीं आणि तिच्या पाठोपाठ उदाहरण, अशी ही योजना आहे. आचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. त्यांनीं चाळीसगांवाजवळील पाटण येथें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख प्रसिद्धच आहे.

अंकपाशाच्या प्रकरणांत आचार्य विचारतात, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधें किती प्रकारांनीं देतां येतील, आणि विष्णूच्या चार हातांत चार आयुधें किती प्रकारांनीं? चार हातांचे प्रकार चोवीस होतात. ते बोटांवर मोजतां येतील. दहा हातांचे मात्र ३६,२८,८०० होतात. तेथें एकेक प्रकार लिहीत बसणारा हरला. लहान उदाहरण हातानें करून पाहावें, त्यांतील नियम ओळखावा, आणि मोठें उदाहरण त्या नियमानें सोडवावें, हा धडा यांत आहे. संगणक कितीही वेगवान असला तरी हा धडा खोटा ठरत नाहीं. दहा हजार नांवांच्या यादींत एखादें नांव दोनदां आलें आहे काय, हें प्रत्येक नांव दुसऱ्या प्रत्येकाशीं ताडून पाहूं गेल्यास सुमारें पांच कोटि तुलना पडतात. तीच यादी आधीं नीट क्रमानें लाविली, तर लाख-दीड लाख तुलनांत काम भागतें. मुलाखतींत परीक्षक नेमका हाच विवेक शोधीत असतो.

या परंपरेंतील विसाव्या शतकांतले एक पुरुष म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकून ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं नाशिकजवळील देवळालीस शाळेंत अध्यापन केलें. त्यांनीं ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधून काढला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारी अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडावे, मग चढत्या क्रमानें मांडावे, आणि पहिल्या संख्येंतून दुसरी वजा करावी. जें येईल त्यावर पुन्हां तीच क्रिया करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार झालें तर सात वेळां क्रिया केली कीं ६१७४ येतेच, आणि आली कीं तेथेंच स्थिर राहते.

नवशिक्यानें पहिला प्रोग्रॅम याच क्रियेचा लिहावा, इतकी ती उपयुक्त आहे. संख्येचे अंक सुटे करणें, ते क्रमानें लावणें, क्रिया पुनःपुन्हां करणें आणि कोठें थांबावें हें ठरविणें, हीं सर्व अंगें तींत आलीं. शिवाय तींत दोन खळगे आहेत. १००० घेतल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते. तिच्या डावीकडील शून्य विसरल्यास पुढें ९९९ वजा ९९९ होऊन हातीं शून्य उरतें. ०९९९ असें मांडल्यास मात्र ८९९१, ८०८२, ८५३२ या वाटेनें ६१७४ मिळते. आणि ११११ घेतल्यास ६१७४ कधींच येणार नाहीं. ती येईपर्यंत चालत राहा असें सांगितलेला प्रोग्रॅम थांबणारच नाहीं. असे खळगे आधीं ओळखून बोलून दाखविणारा उमेदवार परीक्षकाच्या मनांत भरतो.

महाराष्ट्रांत हें यंत्रयुग टप्प्याटप्प्यानें आलें. १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हा देशांत घडविलेला संगणक कार्य करूं लागला. १९६८ सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली. १९८१ सालीं इन्फोसिसचा आरंभ पुण्यास झाला. आणि १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. यंत्रें पालटलीं, परंतु उदाहरण सोडविण्याची रीत पालटली नाहीं. गणिती जॉर्ज पोल्या यांनीं १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणें, योजना करणें, ती पार पाडणें, आणि मागें वळून तपासणें.

तेव्हां आरंभ करणारानें एकच संगणकभाषा धरावी आणि तिचीं परिकर्में, म्हणजे यादी, शब्द, अट आणि आवर्तन, हातांत बसवावीं. त्यानंतर क्रम लावणें शिकावें. डाळिंबांची प्रतवारी पाहिलेल्यास ही कल्पना परकी वाटणार नाहीं. मग शोध घेणें शिकावें. क्रमानें लाविलेल्या हजार नांवांतून हवें तें नांव, प्रत्येक वेळीं उरलेल्या यादीचें मधलें नांव पाहून निम्मी यादी टाकीत गेल्यास, दहा खेपांत सांपडतें. वृक्ष, जाळीं वगैरे कठीण विषय त्यानंतर घ्यावे. दररोज दोनच उदाहरणें घ्यावीं, पण प्रत्येक आधीं कागदावर हातानें करावें, रीत मराठींत मोठ्यानें सांगावी, आणि सुटल्यावर त्यांतील एक अट स्वतःच बदलून पुन्हां सोडवावें. उत्तर पाहावेंच लागलें, तर आठवड्यानें तेंच उदाहरण पुस्तक मिटून करावें.

तात्पर्य, ही विद्या मोठ्या शहरांतील थोड्यांची मिरास नव्हे. पाटणच्या मठांत आणि देवळालीच्या शाळामास्तरांच्या वहींत ती नांदली, तशी ती सांगोल्याच्या घरांतही नांदूं शकेल. तिला पाटी, पेन्सिल आणि नित्याचा अभ्यास एवढेंच भांडवल प्रथम लागतें, संगणक त्यानंतर.