खंबाटकीचा चढ आणि गिअरचा दांडा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली मोटार नीरा ओलांडून शिरवळास येते; पुढें खंबाटकीचा चढ लागतो. तेथें गिअर केव्हां बदलावा, यांतच चालकाचें कसब दिसतें.

हें कसब यंत्राकडे सोंपविण्याचा उद्योग मात्र दूर देशीं झाला. १९०५ सालीं हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरानें द्रवाच्या प्रवाहावाटे शक्ति वाहून नेणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन अमेरिकेच्या ओल्डस्मोबिल कारखान्यानें १९४० च्या गाड्यांना ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स दिला आणि क्लचचें पेडल नाहींसें झालें.

आज जुन्या मोटारींचे कांहीं शोकीन उलट वाट धरतात. स्वयंचलित गिअरबॉक्स काढून ते हातानें बदलावयाचा बसवितात. काम सोपें नव्हे. क्लच, त्याचें पेडल आणि बहुधा नवें फ्लायव्हीलहि लागतें. पुष्कळदां प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते. लाभ असा कीं, घाटांतील गाडीचा ताबा पुन्हां चालकाच्या हातीं येतो. हानि अशी कीं, गाडीचें मूळ रूप मोडतें आणि तिच्या काळाचा एक पुरावा नाहींसा होतो. म्हणून काढलेला गिअरबॉक्स भंगारांत न घालतां जपून ठेवावा, हेंच शहाणपणाचें.