१९८ ते १९३०

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी रोहण्याहून काकांचा फोन. (रोहणा म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, पुलगाव-आर्वी रस्त्यावरचं आमचं गाव.) "नेट बंद आहे रे कालपासून. मोबाईलवर शोधून कस्टमर केअरचा नंबर काढला. पोरगा मोठा चांगला बोलते. म्हणे एक ॲप टाका, मी इथूनच दुरुस्त करून देतो."

मी जवळजवळ ओरडलोच, "काका, त्याला काहीही सांगू नका!" कापसाचा चुकारा त्यांच्या खात्यात नुकताच जमा झाला होता. ॲप टाकून झालं होतं, फक्त त्यातला कोड सांगायचा राहिला होता. थोडक्यात वाचलो!

पण काकांचं चुकलं कुठे? त्यांच्या डोक्यात अजून जुना फोन आहे. डायल टोन गेला की शेजारच्या फोनवरून १९८ फिरवायचं, तक्रार नोंदवायची आणि वाट बघत बसायचं. कधीतरी लाइनमन यायचा, खांबावर चढायचा, चहा घेऊन जायचा. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं, तरी १९८ तेच राहिलं. सर्व्हिस रडकी होती, मान्य. पण नंबर एकच आणि माणूस गावाच्या ओळखीचा. तोतयाला जागाच नव्हती.

मग कॉल सेंटरं आली, आणि माणूस न येता फोनवरूनच दुरुस्ती होऊ लागली. त्याची नक्कलही आपल्याच देशात तयार झाली हे आपण आयटीवाल्यांनी कबूल करायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली, त्यातल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. युक्ती साधी. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावायचा, त्यातल्या निरुपद्रवी एरर दाखवून "व्हायरस आहे" म्हणून घाबरवायचं, आणि रिमोटने कॉम्प्युटर ताब्यात घ्यायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली. तिथली पोरं अमेरिकन टॅक्स अधिकारी बनून बोलत होती.

तेव्हा आपल्याला वाटलं, फसतायत ते गोरे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मात्र रिझर्व्ह बँकेलाच 'एनीडेस्क' ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध करावं लागलं. विद्या घरी परतली होती.

आता जरा इंजिनिअरसारखा विचार करा. घरचं नेट बंद, मग त्या पोराला काकांची स्क्रीन दिसणार कशावरून? मोबाईल डेटावरून! म्हणजे जे बिघडलंय त्याला तो हातसुद्धा लावत नाही, त्याला हवं असतं ते न बिघडलेलं. लाइन तपासायला कंपनीला तुमची स्क्रीन लागत नाही, ओटीपी लागत नाही, आणि "कम्प्लेंट नोंदवायला फक्त दहा रुपये" तर नाहीच नाही.

म्हणून नंबर घ्यायचा तो बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला. नुसता शोधून सापडलेला नको. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात, उशीर झाला की संपलं.

असो. काकांच्या डब्यावर लाल दिवा होता, म्हणजे फायबरच तुटलेली. मी बिलावरच्या नंबरवर तक्रार करायला लावली. सोमवारी माणूस आला, जोड मारून गेला. काकूंनी चहा केला.

संध्याकाळी काकांचा फोन, "हा पोरगा कमी बोलते, पण दिसते तरी!" :-)